अक्षराखालची रेघ

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलमध्ये 'गाडी' हा एकच शब्द तीन तऱ्हांनी ऐकू येतो. शाळेत मराठी शिकलेला माणूस 'गाडी' म्हणतो. अंबरनाथ-बदलापूरच्या आसपासच्या गावांतला आगरी माणूस घरच्या बोलीत 'गारी' म्हणतो, कारण त्याच्या बोलीत दोन स्वरांमधला ड पुष्कळदा र होतो. विठ्ठलवाडी किंवा उल्हासनगर स्थानकावर चढलेली सिंधी आजी जे म्हणते, ते मराठी कानाला 'गाडी'च वाटते, पण ते 'गाडी' नसते. तिच्या शब्दातला ड तोंडातून बाहेर फेकलेला नसतो. तो किंचित आत ओढलेला असतो. सिंधी देवनागरीत तो शब्द 'गाॾी' असा लिहितात. ड खाली एक आडवी रेघ.

हा लेख त्या रेघेविषयी आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांत माझे आयुष्य गेले. सिंधी माझी मातृभाषा नाही. तरीही शेजार, बाजार आणि लोकलचा डबा यांतून ती बरीच वर्षे कानावर पडत आली आहे. या काळात एक गोष्ट हळूहळू जाणवू लागली. आजीच्या तोंडी असलेला हा ध्वनी नातवाच्या तोंडी पुष्कळदा नसतो. नातू सिंधी बोलतो, वाक्यरचना बरोबर असते, शब्दही बहुतेक तेच असतात. ध्वनी मात्र आपल्यासारखा, म्हणजे हिंदी-मराठीसारखा, झालेला असतो. भाषा जाते तेव्हा आधी शब्द जातात असे आपण मानतो. इथे शब्द जागेवर आहेत आणि त्यांच्यातला आवाज निघून चालला आहे.

असे ध्वनी सिंधीत चार आहेत : ॻ, ॼ, ॾ आणि ॿ. साध्या ग, ज, ड, ब खाली रेघ दिली की हे चार वर्ण होतात. त्यांना ग, ज, ड, ब यांची 'जोरकस' रूपे समजू नये. ध्वनिशास्त्रात त्यांना अंतःस्फोटक म्हणतात. आपण ब म्हणतो तेव्हा ओठ मिटतात, फुप्फुसातली हवा त्यांच्यामागे साठते आणि ओठ उघडताच बाहेर पडते. ॿ म्हणताना ओठ मिटलेले असतानाच कंठ खाली सरकतो. तोंडातली पोकळी वाढते, आतला दाब कमी होतो आणि ओठ उघडताना क्षणभर हवा आत येते. स्वरतंतूंचा कंप या वेळी चालूच राहतो. वाचकांनी कंठमण्यावर बोट ठेवून आवंढा गिळतानाची हालचाल पाहावी, मग ती उलट्या क्रमाने करावी. कंठ खाली नेता नेता 'ब' म्हणून पाहावा. पहिल्या प्रयत्नात जमणार नाही. सिंधी मुलाला ते बोलायला लागतानाच जमते, कारण त्याच्या भोवती सगळे तसेच बोलत असतात. किंवा असत.

असे ध्वनी जगात दुर्मीळ नाहीत. आफ्रिकेतल्या हौसा आणि स्वाहिलीत ते आहेत, व्हिएतनामीत आहेत. आपल्या उपखंडात सिंधीच्या शेजारच्या सराइकीत आहेत. मात्र ओठांपासून कंठाजवळच्या टोकापर्यंत चार वेगवेगळ्या जागी, आणि शिवाय साध्या ग, ज, ड, ब यांच्या जोडीने, असा पूर्ण संच बाळगणाऱ्या भाषा थोड्या. सिंधीत या दोन ओळी एकमेकींपासून वेगळ्या राहतात आणि त्या वेगळेपणावर अर्थ अवलंबून असतो. 'बनु' म्हणजे वन, 'ॿनी' म्हणजे शेत. 'बारु' म्हणजे ओझे, 'ॿारु' म्हणजे मूल. रेघ पुसली तर मूल आणि ओझे हे एकच शब्द होतात. हा विनोद नाही. हा ध्वनी गेला की भाषेत प्रत्यक्षात हेच घडते.

या चार ध्वनींचा शब्दसंग्रहात नेमका वावर कुठे आहे, हे पाहू लागल्यावर मला त्यांचे खरे महत्त्व कळले. सिंधीतले अगदी रोजचे, घरातले शब्द घ्या. ॿ म्हणजे दोन, ॾह म्हणजे दहा. ॼिभ म्हणजे जीभ. ॻोठु म्हणजे गाव. ॾींहुं म्हणजे दिवस. ॾिसणु म्हणजे पाहणे, ॿुधणु म्हणजे ऐकणे, ॼाणणु म्हणजे जाणणे, ॾियणु म्हणजे देणे, ॼमणु म्हणजे जन्मणे. ॾुखु म्हणजे दुःख. ॾाॾो म्हणजे आजोबा, ॾाॾी म्हणजे आजी, आणि या दोन्ही शब्दांत हा ध्वनी दोनदा येतो. ॻाल्हि म्हणजे गोष्ट, बोलणे. आणि ॿोली म्हणजे भाषा. खुद्द 'भाषा' हा शब्दच या ध्वनीने सुरू होतो. 'ॻाल्हि ॿुधु', म्हणजे माझे जरा ऐक, हे सिंधी घरात दिवसातून कितीतरी वेळा म्हटले जाणारे वाक्य. त्यातल्या दोन्ही शब्दांचा आरंभ अंतःस्फोटकाने होतो.

आता दुसरी यादी पाहा. बाज़ार, दुकानु, दवा, दोस्तु, दिलि, जवाबु, गुलु. हे शब्द फारसी-अरबीतून आले, आणि त्यांत साधे ब, द, ज, ग आहेत. न्यायाधीशासाठीचा 'जजु' इंग्रजीतून आला, त्यातले दोन्ही ज साधे. 'गुणु' संस्कृतातून जसाच्या तसा उचलला, त्यातलाही ग साधाच. अपवाद दोन्ही बाजूंना सापडतील, पण एकूण कल स्पष्ट आहे. जे शब्द प्राकृतापासून घरातच वाढत आले, त्यांच्या तोंडी अंतःस्फोटक बसला. जे बाहेरून आले त्यांच्या वाट्याला साधा वर्ण आला. याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे एकाच मुळाचे दोन शब्द. संस्कृत 'देश' घरातून आला तो 'ॾेहु' झाला. पुढे पुस्तकातून पुन्हा आला तो 'देशु' राहिला. परका मुलूख म्हणजे 'परॾेहु'. ज्या समाजाने स्वतःचा ॾेहु १९४७ मध्ये सोडला, त्याच्या भाषेत घरचा देश आणि पुस्तकातला देश असे दोन शब्द आहेत आणि त्यांच्यातले अंतर आधी कानाने मोजायचे असते.

राल्फ टर्नर या विद्वानाने १९२४ मध्ये लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेच्या पत्रिकेत सिंधीच्या या ध्वनींवर लेख लिहून त्यांच्या उगमाची मांडणी केली. शब्दाच्या आरंभीचे आणि प्राकृतातले जोड घोष व्यंजन सिंधीत अंतःस्फोटक झाले, हा त्या मांडणीचा गाभा. त्यामागचे कारण यंत्रासारखे साधे आहे. 'ज्ज' किंवा 'ब्ब' असे घोष जोडव्यंजन उच्चारताना तोंड बराच वेळ बंद राहते, आत हवेचा दाब वाढतो आणि स्वरतंतूंचा कंप थांबू पाहतो. कंठ थोडा खाली नेला की पोकळी वाढते, दाब उतरतो आणि कंप चालू राहतो. ही सोय पुढे सवय झाली आणि सवयीचा वर्ण झाला.

इथेच मराठी वाचकाने कान टवकारावेत, कारण याच प्राकृताच्या दुसऱ्या टोकाला आपण आहोत. संस्कृत 'अद्य', प्राकृत 'अज्ज'. सिंधीने जोडव्यंजनाचा अंतःस्फोटक केला आणि आधीचा स्वर ऱ्हस्व ठेवला : अॼु. मराठीने जोडव्यंजन सुटे केले आणि आधीचा स्वर दीर्घ केला : आज. कान-कनु, हात-हथु, सात-सत या जोड्यांतही हीच वाटणी दिसते. पण 'आज'मधला ज नीट ऐका. तो 'जीवन'मधला ज नाही. जीभ दातांच्या मुळाशी टेकते, द आणि झ यांच्या मधला तो आपला खास ज आहे. वाजणे मधला ज तसाच, आणि सिंधीत वाजणे म्हणजे वॼणु. दोन माणसांना आपण 'दोन जण' म्हणतो, सिंधी 'ॿ ॼणा' म्हणतो. या 'जण'मधला ज दातांचा आहे. तोच शब्द संस्कृतातून थेट घेतला की 'जन' होतो आणि त्यातला ज टाळूचा असतो. 'चक्र'मधला च टाळूचा, 'चाक'मधला दातांचा. 'चंद्र' टाळूचा, 'चांदणे' दातांचे.

म्हणजे सिंधीत जे काम अंतःस्फोटक करतात, त्याच्या अगदी जवळचे काम मराठीत दंतमूलीय च-ज करतात. पुढे इ, ए किंवा य आला नाही, तर घरात वाढलेल्या शब्दांच्या अंगावर पुष्कळदा हा दातांचा च-ज असतो. पोथीतून आलेल्या शब्दांवर तो नसतो. ध्वनी वेगळे, वाटा वेगळ्या, पण दोन्ही भाषांनी शब्दाचे घर कोणते हे आवाजातच नोंदवून ठेवले. मला वाटते, सिंधीकडे पाहण्याची मराठी माणसाची सर्वांत जवळची खिडकी हीच आहे, आणि आपण ती फारशी उघडलेली नाही.

आता लिपीकडे वळू. सिंधीच्या लिपीचा वाद फाळणीपेक्षा शंभर वर्षे जुना आहे, आणि त्याचा मोठा भाग मुंबई इलाख्याच्या दप्तरात घडला. सिंध १८४३ मध्ये इंग्रजांनी जिंकला, १८४७ पासून तो मुंबई इलाख्याला जोडला गेला, आणि १ एप्रिल १९३६ रोजी वेगळा प्रांत होईपर्यंत त्याचा कारभार मुंबईशी बांधलेला होता. कॅप्टन जॉर्ज स्टॅकने १८४९ मध्ये सिंधीचे व्याकरण आणि कोश प्रसिद्ध केले, त्यांसाठी त्याने देवनागरी वापरली. रिचर्ड बर्टन अरबी लिपीच्या बाजूचा होता. १८५३ मध्ये सरकारने अरबी-फारसी लिपीवर आधारलेली बावन्न अक्षरांची वर्णमाला ठरवली. मूळ अरबीत नसलेल्या ध्वनींसाठी, त्यांत हे चार अंतःस्फोटकही आले, ठिपके वाढवून नवी अक्षरे घडवली गेली.

हिंदू व्यापाऱ्यांच्या चोपड्यांतली लिपी मात्र वेगळी होती. स्वरचिन्हे गाळून भराभर लिहायची ती हिशोबी लिपी. १८६८ मध्ये मुंबई सरकारने तिला शाळेत वापरता येईल असे प्रमाण रूप देण्याचे काम नारायण जगन्नाथ वैद्य यांच्याकडे सोपवले. सिंधच्या शिक्षणखात्यात डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर असलेले हे मराठी गृहस्थ. कराचीतली सरकारी शाळा आजही त्यांच्या नावाने, 'एन. जे. व्ही.' म्हणून ओळखली जाते. सिंधी अक्षरांच्या इतिहासात एक मराठी हात आहे, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. खुदाबादी किंवा खुदावाडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या लिपीच्या वर्णमालेतही या चार ध्वनींसाठी स्वतंत्र अक्षरे आहेत.

फाळणीनंतर वाद नव्याने पेटला. जयरामदास दौलतराम यांच्यासारखे नेते देवनागरीच्या बाजूने उभे राहिले. भारतात राहायचे तर मुलांना एक लिपी जास्त शिकवण्याचे ओझे कशाला, हा त्यांच्या बाजूचा मुख्य युक्तिवाद. अनेक लेखक अरबी-फारसी लिपीच्या बाजूला होते. शंभर वर्षांचे छापील साहित्य त्या लिपीत आहे, ती सोडली तर नातू आजोबाचे पुस्तक वाचू शकणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद. दोन्ही बाजूंत तथ्य होते. शेवटी दोन्ही लिप्या चालू राहिल्या. १० एप्रिल १९६७ रोजी घटनेच्या एकविसाव्या दुरुस्तीने सिंधी आठव्या अनुसूचीत आली. संगणकाच्या युनिकोड या संकेतप्रणालीत देवनागरीच्या ॻ, ॼ, ॾ, ॿ या अक्षरांना २००६ मध्ये आपापली स्वतंत्र जागा मिळाली, २०१४ मध्ये खुदावाडीलाही मिळाली.

या सगळ्या भांडणात एका गोष्टीवर कधीच भांडण झाले नाही. अरबी-फारसीने चार ध्वनींना चार अक्षरे दिली, खुदाबादीने दिली, देवनागरीने दिली. लिपी कोणतीही असो, हे चार वेगळे लिहिलेच पाहिजेत, याबद्दल मुसलमान मुनशी, हिंदू बनिया, इंग्रज कॅप्टन आणि मराठी इन्स्पेक्टर या सगळ्यांचे एकमत दिसते. कारण ते सगळे अशा काळात होते, जेव्हा ध्वनी कानावर रोज आदळत होता. अक्षर त्याच्या मागून चालत होते. आज उल्हासनगरात क्रम उलटला आहे, आणि लिपीच्या वादातल्या कोणत्याही पक्षाने या उलटण्याचा विचार केलेला नव्हता.

उल्हासनगर हे दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींतून उभे राहिलेले शहर. कल्याण कॅम्प हे त्याचे आधीचे नाव. सिंधमधून आलेले सुमारे एक लाख निर्वासित इथे वसवले गेले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते शहराचे नामकरण झाले. गल्ल्यांचे पत्ते अजूनही कॅम्प नंबर एक ते पाच असेच सांगितले जातात. गंमत अशी की या नावातला 'ल्ह' संस्कृत 'उल्लासा'त नाही. तो मराठीने केलेला बदल. आणि तोच महाप्राण ल्ह सिंधीच्या 'ॻाल्हि'तही आहे. शहराच्या नावापुरते तरी दोन भाषांचे कंठ जुळले.

बाजारात मात्र जुळवणी एकाच बाजूने झाली. सिंधी माणूस दुकानात गिऱ्हाइकाशी हिंदी बोलतो, सरकारी कचेरीत मराठी, मुलाच्या शाळेत इंग्रजी. सिंधी माध्यमाच्या शाळांतली पटसंख्या घसरत गेली. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे २७ लाख ७२ हजार लोकांची भाषा सिंधी म्हणून नोंदली गेली, आणि त्यात कच्छी बोलणारेही धरलेले आहेत. स्वतःचे राज्य नसलेली ही भाषा. तिच्यासाठी घर हीच शाळा, आणि घरातही दूरदर्शन, मोबाइल आणि सुनेचे माहेर यांतून हिंदी शिरलेली.

अशा घरातला नातू सिंधी वाचायला शिकला तर बहुधा देवनागरीतून शिकतो. ती त्याला येतच असते. पण तेच अडचणीचे आहे. अरबी-फारसी अक्षर शिकणाऱ्या त्याच्या आजोबांना ते अक्षर सिंधीशिवाय दुसऱ्या कोणत्या भाषेसाठी रोज वापरायचे नव्हते, म्हणून अक्षर आणि ध्वनी यांची गाठ पक्की बसली. नातू मात्र शाळेत दिवसभर ब वाचतो, हिंदीचा आणि मराठीचा. संध्याकाळी ॿ समोर आला की त्याला तो रेघ दिलेला ब वाटतो. रेघ हा एक दागिना, घातला काय नि न घातला काय. पत्रिका छापणारा, फलक रंगवणारा, मोबाइलवर टाइप करणारा, प्रत्येक जण ती गाळतो. कळफलकावर ती सहज सापडत नाही, अनेक टंकांत ती नसते. रेघ गाळली तरी शब्द 'चुकलेला' दिसत नाही, कारण ब हे सभ्य, ओळखीचे अक्षर आहे. देवनागरीची व्याप्ती हे तिचे बळ, आणि सिंधीपुरते तेच तिचे दुबळेपण.

'जसे बोलतो तसे लिहितो' हे वाक्य आपण देवनागरीविषयी अभिमानाने उच्चारतो. मराठीपुरते तरी ते खरे नाही. 'जग' हा शब्द लिहा. त्याचा अर्थ विश्व की 'जगणे'चे आज्ञार्थी रूप, हे लिपी सांगत नाही, उच्चार सांगतो. विश्वातला ज टाळूचा आणि जगण्यातला ज दातांचा. आपण दोन ध्वनी एका अक्षरात कोंबले आणि कित्येक शतके ते खपवून घेतले. ते खपले, कारण 'जग' वाचणाऱ्या मुलाच्या आसपास ते बरोबर उच्चारणारी कोट्यवधी माणसे आहेत. लिपीतली उणीव कान रोज भरून काढतो. देवनागरीच्या समर्थकांनी सिंधीसाठी युक्तिवाद करताना नकळत मराठी-हिंदीचा हाच भरवसा गृहीत धरला : अक्षरात थोडे कमीजास्त झाले तर कान सांभाळून घेईल. कॅम्पमधल्या तिसऱ्या पिढीच्या बाबतीत सांभाळून घेणारा कान एकच उरतो, आजीचा. १९४७ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या आसपास आहे.

म्हणून माझे म्हणणे असे. मराठीला च-जखालचे टिंब नसले तरी चालते, सिंधीला रेघ नसून चालणार नाही. ज्या भाषेचे ऐकणारे विपुल आहेत, तिला ढिली लिपी परवडते. ज्या भाषेचे ऐकणारे पांगले आहेत, तिला अक्षरच थोडाफार कान पुरवते. निव्वळ रेघेने ध्वनी जिवंत राहील असा माझा दावा नाही. अक्षर पाहून कोणी कंठ खाली न्यायला शिकत नाही. पण रेघ दिसली तर मूल विचारते, हे काय आहे, आणि घरात कोणीतरी उच्चारून दाखवते. रेघ नसली तर प्रश्नच उठत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. भाषा बदलतातच. मराठीने स्वतः किती गोष्टी टाकल्या. ज्ञानेश्वरीच्या काळी नामांच्या शेवटी ऐकू येणारा उ आपण सोडला, तो सिंधीने 'घरु', 'हथु'मध्ये अजून धरून ठेवला आहे. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले आणि मराठी बुडाली नाही. मग सिंधीचे चार ध्वनी गेले तर काय बिघडले?

यातला फरक क्रमात आहे. अनुस्वारांच्या बाबतीत प्रमाण उच्चारातून नाक आधी गेले होते, चिन्ह कित्येक वर्षे मागे रेंगाळले आणि नियमाने ते उचलले. सिंधीत ध्वनी अजून जिवंत तोंडांत आहे आणि चिन्ह आधी गळते आहे. दुसरे असे की, मराठीने अंत्य उ टाकला तेव्हा त्याची जागा भरणारी व्यवस्था मराठीने स्वतः, आपल्या गतीने, आपल्या बोलणाऱ्यांच्या तोंडी घडवली. उल्हासनगरातला बदल सिंधी आतून करत नाही. दुसऱ्या भाषांच्या ध्वनिव्यवस्थेचा साचा तिच्यावर बसतो आहे. आणि त्यात जे जाते ते सुटे चार आवाज नाहीत. घरचा शब्द आणि पाहुणा शब्द यांच्यातला फरक जातो. ॾेहु 'डेहु' झाला, ॿोली 'बोली' झाली, ॾाॾो 'डाडो' आणि मग 'दादा' झाला, की सिंधीच्या सर्वांत आतल्या खोलीतले शब्द हिंदीतून उसने घेतल्यासारखे वाटू लागतात. पुढच्या पिढीला ते खरोखर उसने घ्यावेसे वाटले तर दोष तिचा नसतो.

या बाबतीत मराठी लेखनाने काय केले, हेही तपासायला हवे. आपल्या नाटकांत, एकांकिकांत, विनोदी कथांत सिंधी पात्र आले की ते 'साईं' म्हणते, पैशाचे बोलते आणि त्याचा उच्चार हास्यास्पद असतो. सिंधी माणूस मराठी बोलताना 'चूक'मधला च टाळूचा करतो आणि 'शाळा'मधला ळ ल करतो, याची नक्कल आपल्याला चांगली जमते. त्याच्या भाषेतला एकही ध्वनी आपल्याला उच्चारता येत नाही, हे आपल्या ध्यानी येत नाही. ज्याचा उच्चार अडखळतो तो हसण्याजोगा, असा नियम लावला तर 'ॻाल्हि ॿुधु' म्हणताना हसे आपले व्हायला हवे. जी वागणूक आपण सिंधीला देतो तीच आपल्या आगरी शेजाऱ्यालाही देतो. 'गारी' आणि 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला शाळेत 'नीट बोल' असे सांगितले जाते. त्याच्या बोलीचा नियम आपण चूक म्हणून नोंदवतो. प्रमाणभाषेचा कान फार लवकर शिक्षकाचा होतो आणि श्रोत्याचा फार उशिरा.

करण्यासारखे काय आहे? पहिले काम मराठी संपादक आणि मुद्रकांचे. सिंधी शब्द किंवा पुस्तकाचे नाव देवनागरीत छापताना रेघ द्यावी. युनिकोडमध्ये ती अक्षरे आहेत, टंक निवडताना तेवढे पाहिले की झाले. फारसी शब्दांखालचा नुक्ता आपण गझलांच्या पुस्तकांत जपतो, मग शेजारच्या शहरातल्या भाषेची रेघ जपायला काय हरकत? दुसरे काम विद्यापीठांच्या मराठी आणि भाषाशास्त्र विभागांचे. उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर हा पट्टा म्हणजे लोकलच्या पासावर करता येणारे क्षेत्रकार्य आहे. एकाच घरातल्या तीन पिढ्यांना 'ॿारु' आणि 'बारु' म्हणायला सांगून ध्वनिमुद्रण करणे, एवढे साधे काम. टर्नरला शंभर वर्षांपूर्वी जे साधन मिळाले नसते, ते आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आहे. तिसरे काम सिंधी घरांचे, आणि ते बाहेरच्याने सुचवू नये हे मला ठाऊक आहे. एवढेच म्हणेन की कोणत्या लिपीत लिहावे हा वाद चालू असतानाही आजीच्या तोंडचा ॾ नातवाला ऐकवता येतो. त्याला कोणत्याही अनुसूचीची वाट पाहावी लागत नाही.

नारायण जगन्नाथ वैद्यांना सिंधी अक्षरे ठरवायला बसवले गेले, तेव्हा ऐकायला सगळा सिंध होता. आपल्याला ऐकायला कॅम्पच्या काही गल्ल्या आहेत आणि थोडी वर्षे आहेत. त्या गल्ल्यांत अजून कोणीतरी कोणाला तरी 'ॻाल्हि ॿुधु' म्हणत आहे, आणि ते वाक्य म्हणतानाही त्या माणसाचा कंठ दोनदा खाली सरकतो आहे.